धर्मदंड आणि राजदंड

युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास वाचीत असतां विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, त्या काळीं रोमचा पोप आज्ञा करीत असे आणि राजे माना लववून ती पाळीत असत. वस्तुस्थिति इतकी सरळ नव्हती. धर्मदंड व राजदंड एकाच हातांत असावे कीं दोन निरनिराळ्या हातांत, याविषयीं तेथें शतकानुशतकें झगडा चालला होता. त्या झगड्याचा एक धागा गोमंतकांतून आमच्या करवीर प्रांतापर्यंत येऊन पोंचतो. म्हणून त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या समाजाची रचना पाहूं. तत्कालीन पंडित समाजाचे तीन वर्ग मानीत : प्रार्थना करणारे, लढणारे व राबणारे. राबणाऱ्याच्या पिकाचा दहावा भाग चर्चकडे जाई. जमीनदाराचा सारा व वेठ हीं निराळींच. पण पहिले दोन वर्ग एकमेकांपासून दिसतात तितके अलग नव्हते. बिशप हा धर्माधिकारी खरा. परंतु त्याच्या पदास गांवें, शेतें व जकाती जोडलेल्या असत, आणि त्यांपैकीं बऱ्याच राजाच्या देणगीनें आलेल्या असत. आपल्याकडील इनामदार मठाधिपति डोळ्यांपुढें आणिला म्हणजे ही स्थिति ध्यानांत येईल. ज्याची सनद त्याची चाकरी, या न्यायानें राजे बिशप स्वतःच नेमूं लागले, आणि अंगठी व दंड हीं धर्मपदाचीं चिन्हें स्वहस्तें त्यांस देऊं लागले.

सन १०७५ मध्यें पोप सातवा ग्रेगरी यानें या प्रघाताविरुद्ध आवाज उठविला. जर्मनीचा राजा चौथा हेन्री याने पोपलाच पदच्युत ठरविलें. तेव्हां १०७६ सालीं पोपनें हेन्रीस बहिष्कृत करून त्याच्या प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेंतून मोकळें केलें. सरदार फिरले. जानेवारी १०७७ मध्यें कानोसाच्या किल्ल्याबाहेर कडाक्याच्या थंडींत तीन दिवस पश्चात्तापाच्या वेषांत उभें राहून हेन्रीनें क्षमा मिळविली. पण हा विजय टिकला नाहीं. १०८४ सालीं हेन्रीनें रोम घेतलें, आणि दुसऱ्याच वर्षीं ग्रेगरी परागंदा स्थितींत सालेर्नो येथें मरण पावला. अखेर ११२२ सालीं वर्म्स येथें तह झाला : अंगठी व दंड चर्चनें द्यावे, जमिनींचा अधिकार राजानें राजदंडानें द्यावा.

वरवर पाहतां हा दोन मातबरांचा मानपानाचा तंटा वाटेल. परंतु त्याचें फळ सामान्य जनांसही मिळालें. सत्ता दोन ठिकाणीं विभागल्यामुळें दुबळ्यास दाद मागावयास दुसरें दार राहिलें. सरदाराच्या कचेरींत ज्याचें ऐकिलें जात नसे तो, विवाह, मृत्युपत्र किंवा शपथभंग अशा बाबतींत, चर्चच्या न्यायालयाकडे जाऊं शके. पळालेला मनुष्य चर्चमध्यें शिरला कीं त्यास कांहीं काळ अभय मिळे. चर्चनें अन्याय केल्यास राजाकडे धांव घेतां येई. हीं दोन्ही दारें सदा उघडीं असत असें नव्हे. पाखंडी ठरलेल्या मनुष्याविरुद्ध दोन्ही सत्ता एक होत : दोषी ठरविणें चर्चचें, जाळणें राजाचें, आणि मग त्यास कोणताच आसरा उरत नसे.

आतां आपण गोमंतकाकडे वळूं. जो अधिकार जर्मन सम्राटास नाकारण्यासाठीं ग्रेगरी झिजला, तोच पुढें पोपांनीं पोर्तुगालच्या राजास आपण होऊन दिला. सन १४५५ पासून निघालेल्या फर्मानांनीं समुद्रापलीकडील प्रदेशांतील चर्चचा प्रतिपाळ त्या राजाकडे सोंपविला गेला. यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. राजानें चर्चें बांधावीं, पाद्र्यांचा खर्च सोसावा, त्यांस आपल्या जहाजांतून न्यावें. मोबदल्यांत बिशप कोण व्हावा तें त्यानें सुचवावें. १५१० सालीं गोवें जिंकलें गेलें, १५३४ मध्यें तेथें बिशपचें पीठ स्थापन झालें, आणि वर्म्स येथें वेगळे केलेले दोन दंड मांडवीच्या तीरीं पुन्हां एका मुठींत आले.

त्याचा परिणाम काय झाला? १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि त्यांच्या जमिनींचें उत्पन्न लवकरच ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांकडे वळविलें गेलें. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा यांच्या मूर्ति भाविकांनीं नदीपार अदिलशाही मुलखांत नेल्या. म्हणूनच आज तीं दैवतें प्रियोळ व कवळें येथें आहेत. १५६० सालीं धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यांत आलें व मधला थोडा काळ वगळतां १८१२ पर्यंत टिकलें. राजाचें बळ व धर्माची वाणी एक झाल्यावर फिर्याद कोठें करावी, हा प्रश्न हिंदूंपुढेंच नव्हे, तर नवख्रिस्ती कुटुंबांपुढेंही उभा राहिला.

याच प्रश्नाचें एक उत्तर मातेउश द कास्त्रो या पुरुषाच्या चरित्रांत सांपडतें. हा दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतला. पाद्री होण्याची त्याची इच्छा होती; पण त्या वेळच्या गोव्याच्या आर्चबिशपनें त्यास दीक्षा नाकारली. तेव्हां तो थेट रोमला गेला. १६२२ सालीं पोपनें धर्मप्रसारासाठीं पोर्तुगालच्या राजावर अवलंबून नसलेलें एक मंडळ स्थापिलें होतें. त्याच्या आश्रयानें शिकून कास्त्रो पाद्री झाला, आणि १६३७ सालीं बिशपपदास चढला. लॅटिन चर्चमध्यें त्या पदास पोंचलेला तो पहिला भारतीय होय. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं मात्र राजाची संमति नाहीं, या सबबीवर त्याचे अधिकारपत्र मानलें नाहीं. मग रोमनें नेमून दिलेल्या अदिलशाही मुलखांत, डिचोली येथें, त्यानें ठाणें केलें. त्या काळीं कोल्हापूर व पन्हाळाही अदिलशाहींतच होते. पन्हाळा शिवाजी महाराजांनीं घेतला तो १६५९ सालीं. म्हणजे कागदोपत्रीं आमचा हा प्रांतही त्या बिशपच्या कक्षेंत येत होता! पोर्तुगीजांनीं त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेविला. तोही त्यांच्याविरुद्ध तिखट लिहीत राहिला. १६७७ सालीं रोम येथें त्याचा अंत झाला. एक दार बंद झालें असतां दुसरें उघडें होतें, म्हणूनच हा मनुष्य इतिहासास माहीत झाला. ज्यांस दुसरें दार सांपडलें नाहीं त्यांचीं नांवें कोणास ठाऊक?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती जगाचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वेदोक्त प्रकरण कोल्हापुरांत कोणास ठाऊक नाहीं? १८९९ पासून त्याची वाच्यता झाली. छत्रपति शाहू महाराजांच्या घरीं वेदमंत्रांनीं धर्मकृत्यें करण्यास राजोपाध्ये राजी झाले नाहींत. तेव्हां १९०२ सालीं महाराजांनीं त्यांचें वतन जप्त केलें, आणि १९२० सालीं पाटगांवच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर क्षात्रजगद्गुरूंची स्थापना केली. वतन राजाचें, मंत्र धर्माचा, हाच तो कानोसाचा प्रश्न. भेद एवढाच कीं, दिवाडीच्या ब्राह्मणास राजाच्या लोकांनीं बंद केलेलें दार धर्मपीठानें उघडलें, तर येथें पुरोहितानें बंद केलेलें दार राजानें उघडलें.

यावरून धर्मदंड श्रेष्ठ कीं राजदंड, असा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. दोहोंनींही उपकार केले आहेत व दोहोंनींही जुलूम केले आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोन्ही दंड एका मुठींत आले म्हणजे ती मूठ कितीही पवित्र म्हणविली जात असो, तिच्याखालीं सांपडलेल्यास ‘दाद’ हा शब्दच उरत नाहीं. आज आपल्या देशांत घटना आहे, न्यायालयें आहेत, प्रत्येकास आपापल्या धर्माचें स्वातंत्र्य आहे. तीं दारें उघडीं ठेवण्यास किती पिढ्यांनीं बाहेर थंडींत उभें राहून किंमत दिली, हें विद्यार्थ्यांनीं सनावळ्या पाठ करतांना स्मरावें.