पंप दोन, फ्यूज एक? मग उडू नका, बॉस!

ऑफिसला निघताना बाइकची चावी फिरवलीत की टाकीतून दोन सेकंद बारीक 'गुंईंऽऽ' ऐकू येतं ना? तो तुमचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ नियम आले, कार्ब्युरेटर गेले आणि हा पंप जवळपास प्रत्येक नव्या पेट्रोल बाइकमध्ये जाऊन बसला. लोणावळ्याच्या वाटेवर तो रुसला तर गाडी कडेला घ्यायची, टोइंगवाल्याला फोन करायचा. हवेत मात्र कडेला घ्यायला जागाच नसते!

माझे बरेचसे वीकेंड कामशेतला जातात, पॅराग्लायडिंगसाठी. तिथे हे टेन्शनच नाही, कारण इंजिनच नाही. पाठीवर पंखा बांधून उडणाऱ्या पॅरामोटरचा फंडाही सोपा. टू-स्ट्रोक इंजिनातला दाब वरखाली होतो, त्यावर कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल खेचतो. ना वायर, ना बॅटरी. इंजिन थांबलंच, तर डोक्यावरचं कापड अलगद खाली आणतं.

पण घरी बांधलेलं विमान असेल तर? हसू नका. कांदिवलीत चारकोपला, इमारतीच्या गच्चीवर पायलट अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया'मध्ये झळकलं आणि २०१७मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. जगभर अशी हजारो होमबिल्ट विमानं उडतात आणि त्यांच्या मालकांच्या गप्पांत पंप हा नेहमीचाच विषय.

पंख वर असतील तर पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. पंख खाली असले की ते इंजिनापर्यंत चढवायला पंप हवाच. जुनी पद्धत अशी, की एक पंप इंजिनच फिरवणार आणि दुसरा, इलेक्ट्रिक, टेकऑफ-लँडिंगला सोबतीला. इंजेक्शनवाल्या नव्या इंजिनांना साधारण ३ बार दाब लागतो. २०१२मध्ये आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएसमध्ये म्हणूनच दोन्ही पंप इलेक्ट्रिक आहेत.

खरी मेख इथेच आहे. आपल्या सोसायटीत पाण्याच्या मोटारी दोन असतात, पण मेन स्विच एकच. तो उडाला की दोन्ही गप्प आणि चौथ्या मजल्यावर बादल्या! विमानातही दोन पंपांना एकच फ्यूज, एकच वायर, एकच अर्थिंग असेल तर दुसरा पंप नुसता शोभेचा. अल्टरनेटर गेला तर सगळा भार बॅटरीवर, आणि पंप ४-५ अँपिअर सहज खातो.

दुसरा शत्रू उन्हाळा. तापलेल्या इंजिनाजवळ बसवलेला पंप दूरच्या टाकीतून पेट्रोल ओढू लागला की पाइपमध्येच वाफ होते आणि पंप नुसती हवा घुसळतो. म्हणून पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला आणि गार जागी हवा. त्याने ओढण्यापेक्षा ढकलावं.

तेव्हा एखाद्या मित्राने असलं विमान बांधलं आणि 'चल, पवनेवर एक राउंड मारू' म्हणाला, तर आधी तीन प्रश्न विचारा. दोन्ही पंपांच्या वायरी आणि फ्यूज वेगळे आहेत का? जमिनीवर एकेक पंप एकटा चालवून गेजवर दाब बघितलास का? अल्टरनेटर बंद ठेवून बॅटरी किती मिनिटं टिकते, ते घड्याळ लावून मोजलंस का?

तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर बिनधास्त बसा. नाहीतर लोहगड पायीही छान दिसतो!