नळ एक, बिऱ्हाडे अनेक

चाळीत पाण्याची टंचाई पडली, की नळावर नियम होतो : ‘रांगेतील प्रत्येकास दोन घागरी’. नियम सरळ दिसतो. पण एखादे बिऱ्हाड लहानमोठी आठ माणसे रांगेत उभी करते आणि सोळा घागरी घेऊन जाते. नियम कोणीच मोडला नाही, तरी शेजारी कोरडाच! मग शहाणी माणसे नियम बदलतात : ‘बिऱ्हाडास सहा घागरी, रांगेत कितीही जण उभे राहोत.’

विद्यार्थी मित्रांनो, संगणकातही हाच प्रश्न उभा राहतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. एकाच वेळी शेकडो प्रोसेस चालू असतात. प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी मात्र मर्यादित. ही वाटणी करणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. एकेका प्रोसेसवर मर्यादा घालण्याची सोय जुनी आहे. परंतु प्रोसेस नव्या प्रोसेसला जन्म देऊ शकते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे दहा वेळा झाले की १,०२४ प्रोसेस होतात; वीस वेळा झाले, तर दहा लाखांहून अधिक! प्रत्येकीने आपली मर्यादा पाळली, तरी संगणक गुदमरतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यावर योजलेला उपाय म्हणजे ‘कंट्रोल ग्रुप’, अर्थात नियंत्रण-गट. गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केले. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, समाविष्ट झाले. येथे मर्यादा गटावर असते. गटातील प्रोसेसने जन्म दिलेली प्रोसेसही त्याच गटात धरली जाते. गटाला ५० प्रोसेसची मर्यादा असेल, तर एक्कावन्नावी जन्मासच येत नाही.

आता वेळेचे गणित पाहू. समजा, एका गटाला दर १०० मिलिसेकंदांत प्रोसेसरचा ५० मिलिसेकंद वेळ ठरवून दिला. तो संपला, की पुढची पाळी सुरू होईपर्यंत गटाने थांबायचे. म्हणून एरवी १० सेकंदांत होणाऱ्या आकडेमोडीला सुमारे २० सेकंद लागतात. तशाच चार प्रोसेस गटात असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला दर पाळीत सरासरी १२.५ मिलिसेकंद येतात आणि वेळ लागतो सुमारे ८० सेकंद. काम लांबते, पण पुरे होते.

मेमरीचे तसे नाही. वेळ दर क्षणी नवा येतो. मेमरीतील जागा कोणी सोडल्याशिवाय मोकळी होत नाही. गट आपल्या मर्यादेला, समजा २०० मेगाबाइटला, भिडला की कर्नेल आधी त्याच गटाची काही जागा मोकळी करू पाहतो. डिस्कवरून पुन्हा वाचता येईल अशी माहिती तो मेमरीतून काढून टाकतो. तेवढ्याने भागले नाही, तर गटातीलच एखादी प्रोसेस तो बंद पाडतो. कठोर वाटते ना? पण घाव त्या गटापुरताच. शेजारचे गट सुखरूप राहतात.

म्हणून मर्यादा ठरवणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. वेळ कमी दिला, तर काम उशिरा होईल. मेमरी कमी दिली, तर ते अर्ध्यावरच मरेल.

आता सांगा पाहू : दर १०० मिलिसेकंदांत २५ मिलिसेकंद मिळणाऱ्या गटात वरच्यासारख्या दोनच प्रोसेस असतील, तर किती वेळ लागेल? उत्तर ओळखीचे निघेल. का, ते शोधा!