उटकटारी : माळावरचा काटेरी चेंडू

मानवतसारख्या गावात पावसाळ्यात फुललेली शाळेची बाग उन्हाळ्यात वाळते. शेजारच्या लातुरात तर २०१६ साली पिण्याचे पाणीही रेल्वेने आणावे लागले. मग फुलझाडांना कोठून द्यायचे? म्हणून सूर्यफुलाच्याच कुळातील एका देशी रानफुलाची, उटकटारीची, ओळख करून घेऊ.

बांधावर, पडीक माळावर ती आपोआप उगवते. काळी जमीन भेगाळून वरची ओल संपली, तरी तिचे सोटमूळ खोलवरची ओल शोधते. पानांच्या खालच्या बाजूस दाट पांढरी लव असते. तिच्यात हवा अडकून राहते व पर्णरंध्रांतून होणारे बाष्पोच्छ्वास मंदावते.

सूर्यफूल हे एक फूल नसून अनेक फुलांचा गुच्छ आहे, हे आपण वर्गात शिकवतो. उटकटारी त्याहून नवलाची. तिच्या प्रत्येक गुच्छात एकच फूल असते, आणि असे अनेक गुच्छ मिळून चेंडू बनतो. चेंडू सोडवून भिंगातून पाहिल्यास प्रत्येक फुलाभोवती स्वतंत्र काटेरी छदे दिसतात.

वाळलेल्या चेंडूतील बी पहिल्या पावसानंतर जागेवरच पेरावे. रोप उपटून लावल्यास सोटमूळ दुखावते. जागा पाणी न साचणारी, खेळाच्या मैदानापासून दूर असावी. लगत शेत असल्यास बी गळण्याआधीच चेंडू खुडावेत.

शेजारी झेंडू लावा. पाऊस संपल्यावर दोहोंचेही पाणी बंद ठेवा. आधी कोण मलूल होते, किती दिवसांनी, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी.