विश्वाचा हिशोब आणि दुसरी वही

मागे आमच्या बचत गटाच्या वहीत शंभर रुपयांचा फरक येत होता. वही लिहिणाऱ्या ताईंनी तीनदा बेरीज केली, तरी तोच आकडा. मग दुसरीने कोऱ्या कागदावर पहिल्यापासून हिशोब मांडला, तेव्हा कळलं, हातचा एक विसरला होता. शास्त्रज्ञही असंच करतात, तेही अख्ख्या विश्वाच्या हिशोबात. ते कसं, हे आज आपण पाहू.

विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला प्रकाश आजही आकाशात सगळीकडून येत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. युरोपने २००९ साली अवकाशात सोडलेल्या प्लँक दुर्बिणीने त्याचा नकाशा काढला. त्यात कुठे किंचित ऊब, कुठे किंचित गारवा, असे ठिपके आहेत. त्या ठिपक्यांवरून विश्वात काय किती आहे ते ओळखायचं. भाजणी चाखून त्यात कोणती डाळ किती ते ओळखावं, तसंच.

हे काम बोटांवर मोजून होत नाही. अँटनी लुईस आणि अँथनी चॅलिनर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यासाठी 'कॅम्ब' नावाचा संगणक प्रोग्रॅम लिहिला. त्याला प्रमाण सांगायचं, की ठिपके कसे दिसायला हवेत ते तो काढून देतो. नकाशाशी जुळलं नाही, तर प्रमाण बदलून पुन्हा. असं हजारो वेळा. उत्तर आलं, विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. आणि विश्व शंभर रुपयांचं धरलं, तर माती, पाणी, तारे, तुम्ही-आम्ही मिळून जेमतेम पाच रुपयांचे. उरलेलं नेमकं काय आहे, याचा शोध अजून चालू आहे.

पण प्रोग्रॅममध्येच चूक असली तर? म्हणून २०११ साली युरोपातल्याच दुसऱ्या संशोधकांनी 'क्लास' नावाचा वेगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला. दोन्हींची उत्तरं ताडून पाहिली, ती जुळली. शिवाय दोन्ही प्रोग्रॅम सर्वांना खुले आहेत. पुण्यात शिकणारी एखादी मुलगीही ते फुकट घेऊन ओळ न् ओळ तपासू शकते.

दुसरीने हिशोब तपासला, म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखवला असं नाही. आमच्या ताईंना आधी वाईट वाटलं होतं. आता दर महिन्याला त्याच वही पुढे करतात. पुढच्या बैठकीत तुम्हीही दुसरीला वेगळी बेरीज करायला सांगा, आणि वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा.