जीर्णोद्धार, दुरुस्ती आणि नूतनीकरण

जुने झालेले पुन्हा नीट करणे, या अर्थाच्या शब्दांची मराठीत वाण नाही. डागडुजी, दुरुस्ती, शाकारणी, जीर्णोद्धार, नूतनीकरण, पुनरुज्जीवन, असे कितीतरी शब्द आपण वापरतो, आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा सहज ठेवून देतो. परंतु हे शब्द समानार्थी नव्हेत. प्रत्येकाला एक प्रश्न विचारून पाहावा: काम पुरे झाल्यावर जुन्यातले काय उरेल?

घरगुती शब्दांपासून आरंभ करू. भिंतीचा पोपडा निघाला, तेवढा लिंपला, की ती डागडुजी. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून फुटकी तेवढी बदलायची व बाकीची पुन्हा बसवायची, ही शाकारणी. ‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ ठीक, बरोबर. म्हणून घड्याळाची दुरुस्ती होते, तशी राज्यघटनेचीही होते. या तिन्ही शब्दांत वस्तू तीच राहते, केवळ तिची उणीव जाते.

जीर्णोद्धाराचे तसे नाही. जीर्ण म्हणजे झिजलेले, उद्धार म्हणजे वर काढणे. गोव्यातील सप्तकोटेश्वराचे उदाहरण घ्या. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज अमलात ते पाडले गेले आणि लिंग नार्वे येथे नेण्यात आले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. स्थान बदलले, दगड बदलले, तरी शब्द चुकला नाही. कारण तेथे उद्धार व्हावयाचा होता तो खंडित होऊ पाहणाऱ्या उपासनेचा. देवळाच्या बाबतीत जीर्णोद्धार शोभतो तो याच कारणाने. ऐतिहासिक इमारतीला मात्र तोच शब्द घातक ठरू शकतो. तेथे मोल असते ते त्याच जुन्या दगडाला व चुन्याला. तेथे हवे असते ते जतन.

नूतनीकरण हा तर कचेरीतला शब्द. परवान्याचे नूतनीकरण झाले म्हणजे मुदत वाढली, एवढेच. तोच शब्द वाड्याला लावला, की जुना दरवाजा निघतो आणि सिमेंट येते. शब्दात ‘नूतन’ आहे, जुन्याविषयी काहीच वचन नाही.

हा विवेक बुऱ्हाणपुरासारख्या गावी विशेष हवा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि निमाडातले बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. तेव्हा राजपुऱ्यासारख्या वस्तीतल्या मराठी माणसाला घरात एक भाषा व कचेरीत दुसरी, असा व्यवहार करावा लागतो. हिंदीत कायद्यातील दुरुस्तीला ‘संशोधन’ म्हणतात. आपल्या मराठीत संशोधन म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. पाटीवरचा शब्द ओळखीचा वाटला, तरी अर्थ परका असू शकतो.

याच बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात, ही मोगलकालीन जलयोजना आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ती उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी तापीकडे झिरपत असता भूमिगत बोगद्यांत अडवावयाचे, आणि कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उतारावर, शहरात आणावयाचे, अशी तिची रचना. ठिकठिकाणी कुंड्या आहेत, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटा. त्यांतून बोगद्यांना हवा मिळते व आत उतरता येते. २०२४ साली हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

आता याच्या कामाला कोणता शब्द लावाल? कुंडीचे तोंड बांधून रंग दिला, तर ती डागडुजी. जुने बांधकाम जसेच्या तसे सांभाळले, तर ते जतन. दोन्ही हवीत, पण तेवढ्याने भागत नाही. बोगद्यात क्षारांचे थर साचले, डोंगरउतारावर पाणी मुरेनासे झाले, तर निर्दोष राखलेला बोगदाही कोरडाच राहील. पाणी पुन्हा वाहते राहील तेव्हाच पुनरुज्जीवन म्हणावे, आणि त्याचा आरंभ शहरात नव्हे, सातपुड्याच्या उतारावर होतो.

आपल्याकडे पुनर्नवा नावाची एक वनस्पती आहे. कोणी तिला घेटुळी म्हणतात. उन्हाळ्यात ती वाळून जाते, आणि पाऊस पडताच त्याच मुळातून पुन्हा फुटते. पालवी नवी, मूळ जुने. कामाच्या फलकावर मोठा शब्द दिसला, म्हणजे नागरिकांनी एवढेच विचारावे: यातले मूळ कोणते, आणि ते राखले जाणार आहे काय?