सवलतीची वाइन आणि घरातला उन्हाळा

नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली पहिली वाइन बाजारात आणल्यापासून महाराष्ट्रात रुजलेल्या शेनिन ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइन बहुधा एक-दोन वर्षांत, ताज्या असतानाच प्यायच्या असतात. म्हणून सवलतीत खोकेभर बाटल्या घेणाऱ्याने किमतीआधी द्राक्षतोडणीचे वर्ष पाहावे. वाइन मुरणे हे मुख्यतः आम्लतेवर आणि टॅनिनवर, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट द्रव्यावर, अवलंबून असते आणि त्यासाठी सुमारे 12 ते 15 अंश सेल्सियसचे स्थिर तापमान लागते. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो. मंगळवार पेठेतील माळ्यावर तर उष्मा साचूनच राहतो. तापमान दहा अंशांनी वाढल्यास रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होत असल्याने, ऑक्सिडीकरणाने, म्हणजे ऑक्सिजनशी होणाऱ्या संयोगाने, फळांचा गंध एका उन्हाळ्यातच मावळू शकतो.