नाताळचं गिफ्ट घरीच बनवायचंय? मग आधी गोव्याचं ताट समजून घ्या

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर 'पाच मिनिटांत बनवा ख्रिसमस गिफ्ट' छापाच्या रील्सचा पाऊस सुरू होतो. काचेची बरणी, लाल रिबीन, वर एक छोटीशी घंटा. झालं गिफ्ट तयार! रील सेव्ह होते, सामान ऑनलाइन मागवलं जातं आणि २३ तारखेच्या रात्री लक्षात येतं की पाच मिनिटांचं काम पाच तास झाले तरी संपलेलं नाही. मग शेवटी सगळ्यांना गिफ्ट कार्ड पाठवलं जातं.

असं का होतं? हात चालत नाही म्हणून गिफ्ट फसल्याची उदाहरणं तशी कमी. बहुतेकदा वेळेचा आणि माणसांचा हिशोब चुकलेला असतो.

हाच हिशोब गोवा, मुंबई, मंगळुरू इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी कित्येक पिढ्या नीट जमवून दाखवलाय. तो समजला तर गिफ्ट गोड असो वा नसो, ते वेळेत पूर्ण होतं.

कोन्सुआद आणि कुस्वार म्हणजे काय?

दिवाळीला जसं फराळाचं ताट शेजारी जातं, तसं नाताळात ख्रिस्ती घरांतून घरच्या पदार्थांचं ताट नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे जातं. गोव्यात याला कोन्सुआद म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगालमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी वापरतात, गोव्यात मात्र तो वाटायच्या गोडधोडाला चिकटला. मंगळुरूच्या कोकणी ख्रिस्ती घरांत याच ताटाला कुस्वार म्हणतात.

ताटात काय असतं? नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ आटवून केलेला दोदोल. पिकलेल्या पेरूंचा गर साखरेत आटवून पाडलेल्या पेरादच्या वड्या. रवा आणि नारळाचा बाथ. शिंपल्यासारखे वळलेले कुलकुल. आणि ज्यांच्याकडे सवड आणि चिकाटी दोन्ही आहे त्यांच्याकडे बेबिंक. बेबिंकचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, त्यामुळे एका बेबिंकमध्ये कित्येक तास जातात. याच बेबिंकला २०२३ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

यातली नेवरी गोव्यात चतुर्थीला हिंदू घरांतही होते. त्यामुळे चतुर्थी-दिवाळीला एका घरातून ताट जातं आणि नाताळात दुसऱ्या घरातून येतं.

या ताटात नियोजन कुठे लपलंय?

ताट एका दिवशी दिसतं, पण ते एका दिवशी बनत नाही. जास्त टिकणारे पदार्थ आधी आणि लवकर खराब होणारे शेवटी, असा त्याचा साधा क्रम असतो.

पेरूचा हंगाम थंडीत असतो. नीट आटवलेला पेराद हवाबंद डब्यात काही आठवडे राहतो, म्हणून तो आधी उरकता येतो. केकसाठीचा सुकामेवा रममध्ये कित्येक आठवडे आधी भिजत घालतात. कडक तळलेले कुलकुल दोन-तीन आठवडे टिकतात, म्हणून ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होतात. नारळामुळे लवकर बिघडू शकणारे पदार्थ मात्र नाताळच्या अगदी जवळ.

दुसरी गोष्ट माणसांची. कुलकुलचा पिठाचा छोटा गोळा काटा चमच्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायचा असतो. एक कुलकुल वळणं लहान मुलालाही जमतं, पण किलोभर पिठाचे कुलकुल एकट्याने वळायला बसलं की रात्र जाते. म्हणून घरातले सगळे टेबलाभोवती बसतात. दोदोल सतत ढवळावा लागतो, नाहीतर तळाला लागतो. पीठ घट्ट होत गेलं की हात भरून येतात, मग पळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

ब्रिटनमध्येही असंच काहीसं होतं. नाताळच्या पुडिंगसाठी तिथे नोव्हेंबरच्या शेवटाला येणारा एक रविवार ठरलेला आहे, 'स्टर-अप संडे'. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने मिश्रण एकदा ढवळायचं आणि मनात एक इच्छा धरायची, अशी प्रथा. थोडक्यात, काम लवकर सुरू करायचं आणि वाटून घ्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

हाताने बनवलेलं खरंच जास्त आवडतं का?

यावर संशोधन झालंय आणि उत्तर 'हो, पण' असं आहे.

२०१५ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हॅन ओसेलार यांचा हाताने बनवलेल्या वस्तूंवरचा अभ्यास छापून आला. लोकांना हाताने बनवलेल्या वस्तूत बनवणाऱ्याचं प्रेम उतरलंय असं वाटतं, असा त्याचा निष्कर्ष. जवळच्या माणसासाठी भेट घ्यायची असेल तेव्हा लोक अशा वस्तूकडे जास्त ओढले जातात, असंही त्यात दिसलं.

आता 'पण'कडे येऊ. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये 'आयकिया इफेक्ट' ही कल्पना मांडली. त्यांनी नवख्या लोकांना कागदाचे ओरिगामी पक्षी आणि बेडूक करायला लावले. करणाऱ्यांना आपली कलाकृती जवळपास तज्ज्ञांच्या कलाकृतीइतकीच मोलाची वाटली. इतरांनी मात्र त्याच कलाकृतींना फारच कमी किंमत दिली.

म्हणजे आपण रात्र जागून बनवलेली मेणबत्ती आपल्याला जितकी सुंदर दिसते, तितकी ती काकूंना दिसेलच असं नाही!

तिसरा अभ्यास फ्रान्सिस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांचा, २०११ चा. देणाऱ्याला वाटतं की आपण स्वतः विचार करून निवडलेली भेट जास्त आवडेल. घेणाऱ्याला मात्र त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट मिळाली तर जास्त बरं वाटतं.

तिन्ही एकत्र ठेवले तर सल्ला सोपा आहे. भेट हाताने बनवा, पण काय बनवायचं ते समोरच्याला विचारून ठरवा. 'तुला आजीच्या हातची कुठली गोष्ट आठवते?' एवढा एक प्रश्न पुरतो.

पण हात कोणाचे?

घरगुती भेटींचं कौतुक करताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार, घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. हेच काम करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटं. हा नेहमीच्या दिवसांचा हिशोब आहे. सणात त्यावर वीस घरांची ताटं चढतात.

मग 'आमच्याकडे सगळं घरीच बनतं' या वाक्याचा अर्थ अनेकदा 'आमच्याकडे सगळं आई बनवते' असा निघतो. बाकीचे डबे पोचवतात आणि फोटो टाकतात. तिच्यासाठी मात्र कोणी काही बनवलेलं नसतं.

याचा दुसरा तोटाही आहे. सगळं एकाच माणसाच्या हातात राहिलं तर ते माणूस थकलं की पदार्थ थांबतो. दोदोल कधी उतरवायचा हे घड्याळावर ठरत नाही. तो भांड्याच्या कडा सोडायला लागला की उतरवायचा, आणि तो क्षण शेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुलकुलच्या टेबलावर सगळ्यांनी बसणं ही नुसती गंमत नाही, तिथेच पदार्थ पुढच्या हातात जातो.

कोणासाठी काय बनवायचं आणि कधी सुरू करायचं?

सगळ्यांसाठी सगळं बनवायच्या फंदात पडू नका. चार माणसं निवडा, चार गोष्टी ठरवा.

घरातल्या बाळासाठी गोधडी. आईच्या किंवा आजीच्या मऊ झालेल्या सुती साड्या धुऊन, एकावर एक अंथरून, साध्या धावदोऱ्याने शिवायची. रोज तासभर दिला तरी कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे ऑक्टोबर संपायच्या आत पहिला टाका पडायला हवा. बाळासाठी असल्याने त्यावर मणी, टिकल्या, बटणं नकोत.

परदेशातल्या भावंडासाठी पाककृतींची वही. आजीचं माप 'थोडं', 'अंदाजे' आणि 'त्या निळ्या वाटीने' असं असतं. ती पदार्थ करत असताना वजनकाटा घेऊन शेजारी उभं राहायचं, प्रत्येक जिन्नस भांड्यात पडायच्या आधी मोजायचा आणि लिहायचा. शक्य असेल तर तिच्या आवाजात कृती रेकॉर्ड करून घ्या. एका पदार्थाला एक दुपार धरली तर नोव्हेंबरच्या चार रविवारी चार पदार्थ होतात. ही भेट विमानात सांडत नाही आणि कस्टममध्ये अडकतही नाही.

लग्न झालेल्या बहिणीच्या घरासाठी नाताळचा तारा. आकाशकंदील बनवणाऱ्या कोणालाही हा जमतो. बांबूच्या सारख्या लांबीच्या १० कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या बांधायच्या, एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची. मग मधल्या पाच कोपऱ्यांत दोन्ही चांदण्यांच्या मध्ये छोट्या काड्या अडकवल्या की तारा फुगतो. त्यावर पतंगाचा कागद आणि आत एलईडी दिवा. दोन संध्याकाळी पुरतात. मुलांना आणि आजोबांना एकत्र बसवायला याहून चांगलं काम नाही.

शेजाऱ्यांसाठी आणि काका-मावश्यांसाठी छोटं ताट. बेबिंकच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नका. पेराद, कुलकुल आणि नेवऱ्या एवढं खूप झालं. नेवऱ्यांत ओल्या नारळाऐवजी सुकं सारण भरलं तर त्या जास्त दिवस टिकतात. तळलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरते आणि पदार्थ मऊ पडतो.

पाठवताना काय लक्षात ठेवायचं?

डब्यावर छोटी चिठ्ठी हवीच. पदार्थ कधी बनवला, कधीपर्यंत खायचा आणि आत अंडं, काजू किंवा रम आहे का, एवढं त्यावर लिहा. नात्यात कोणी शाकाहारी असतं, कोणी दारू घातलेलं खात नाही, कोणाला काजूची ॲलर्जी असते. मधुमेह असलेल्या काकांना साखरेचा डबा देण्यापेक्षा तारा द्या.

परदेशात खाऊ पाठवायचा असेल तर त्या देशाचे नियम आधी तपासा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात आणलेले खाद्यपदार्थ जाहीर केले नाहीत तर दंड होऊ शकतो. भारतातल्या भारतात पार्सल करताना कडक पदार्थ निवडा आणि डब्यात हलायला जागा ठेवू नका. कुलकुल सुखरूप पोचतात, रोझ कुकीजचा मात्र चुरा व्हायची भीती असते.

वेळच नसेल तर?

विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. गोव्यात आणि मुंबईत अनेक महिला घरून नाताळच्या ऑर्डरी घेतात. तिथे हाताच्या कामाला निदान दाम तरी मिळतो. पाकिटावर एफएसएसएआय नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि ऑर्डर लवकर द्या. त्यांचेही हात दोनच असतात.

आणि घरी बनवलंच, तर डब्यावरच्या चिठ्ठीत फक्त 'अमुक कुटुंबाकडून' असं लिहू नका. सारण कोणी केलं, कुलकुल कोणी वळले, पळी कोणी फिरवली, अशी नावं लिहा. चिठ्ठीवर दरवर्षी एकच नाव येत असेल तर पुढच्या नाताळची पहिली भेट कोणाला द्यायची, हे आपोआपच ठरतं.